कॉफीच्या डोंगरात वरणभात

बाबांवर पाळत ठेवायचं काम माझ्याकडे आलं ते पार्वताबाईंचा पाय मोडला म्हणून. पार्वताबाई बाबांच्या हाताखाली पोळ्या लाटायच्या. बाबा आचारी होते आणि माझे मामा टूरवाले. मामांची बस कामठीला त्यांच्या घरासमोर उभी असायची. दिवाळीनंतर एकदा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा ती चाळीस माणसं घेऊन दक्षिणेला निघायची. हैदराबाद, म्हैसूर, जंगलातली सफारी, कुर्गातले कॉफीचे मळे, उटी आणि परत. लोकांना हत्ती बघायचे असत, थंड हवा खायची असे, पण जेवायला मात्र नागपूरचंच लागे. म्हणून बसच्या टपावर पातेली, पराती, रॉकेलचे दोन मोठे स्टोव्ह, तांदूळ आणि तुरीच्या डाळीची पोती चढत. चहाची पत्तीसुद्धा इथूनच जायची. कॉफीच्या मळ्यात मुक्काम करून चाळीस माणसं दोन वेळा आपली पत्ती उकळून चहा पीत आणि त्यात कोणाला काही विचित्र वाटत नसे. मामांच्या जाहिरातीत ठिकाणांची नावं खाली बारीक अक्षरात असत, वर ठळक लिहिलेलं असे 'घरचं जेवण'. ते घर म्हणजे आमचे बाबा.

आम्ही नागपुरात जरीपटक्याच्या बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. सकाळपासून हातगाड्या, ऑटोचे भोंगे, भाजीवाल्यांची भांडणं, आणि शेजारच्या छतावर वाळत घातलेल्या पापडांचा वास. टूर निघायच्या आधी आठवडाभर आमचं अंगण मसाल्याचं असे. आई चुलीवर धने, खोबरं, दगडफूल भाजायची, मी खलबत्त्यात कुटायची, आणि आम्ही दोघी शिंकून शिंकून बेजार व्हायचो. बाबा पाटावर बसून चूक काढायचे. धने एक मिनिट जास्त झाले, खोबऱ्याला लाली कमी आली, कुटणं भरड राहिलं. जेवायला बसले तरी तेच. वरणाच्या फोडणीत हिंग उशिरा पडला हे त्यांना पहिल्या घासाला कळायचं आणि ते सांगितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली दुसरा घास उतरत नसे. आई चिडायची, ताट आपटायची, पण दुसऱ्या दिवशी हिंग वेळेवर पडायचा. आमच्या घरातला संसार असा हिंगावरून चालला होता आणि बरा चालला होता.

मग बाबांनी चुका काढणं बंद केलं. एकाएकी नाही, पण एका दिवाळीच्या टूरनंतर आमच्या लक्षात आलं की हा माणूस गप्प जेवतो आहे. आईने विचारलं तर म्हणायचे, 'चांगलं झालं.' एकदा आईने मुद्दाम भाजी करपू दिली. मी पाहत होते. बाबांनी ती मुकाट्याने खाल्ली, हात धुतला आणि बाजारात निघून गेले. आई त्या करपलेल्या कढईकडे बघत बसली. नवऱ्याने दोष देणं थांबवलं याचं दुसऱ्या एखाद्या बाईला सुख वाटलं असतं. माझ्या आईला वाटलं, ह्याचं मन आता इथे नाही.

त्यात पुढच्या दिवाळीच्या टूरनंतर बाबांच्या पिशवीत तळाशी एक हिरव्या चौकटीचा रुमाल सापडला. त्यात वेलदोडे आणि काळी मिरी होती, आणि रुमालाला वर अशी गाठ मारलेली होती की ती पुरुषाच्या हाताची नव्हेच, असं आई म्हणाली. मी निरखून पाहिलं, मलाही तसंच वाटलं. आईने तो रुमाल मिरीसकट नालीत टाकला आणि बाबांना एका शब्दाने विचारलं नाही. बाबांनीही रुमाल कुठे गेला ते विचारलं नाही, याचा आईने दुप्पट अर्थ लावला. तेवढ्यात मामा घरी आले असताना सहज बोलून गेले की भाऊजी हट्ट धरतात, मळ्यावरचा मुक्काम एकाचा दोन रात्रींचा करा, तिथे म्हणे पाणी चांगलं आहे. आई हसली. तिचं ते हसणं मी ओळखत होते. पार्वताबाई न्हाणीत घसरून पडल्याचं कळलं त्याच दिवशी तिने माझे दोन परकर-पोलके, पुढच्या वर्षाची पुस्तकं आणि दंतमंजन एका पिशवीत भरलं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, अकरावीची परीक्षा देऊन घरी बसलेली.

'पोळ्या लाटशीन,' ती म्हणाली, 'अन् डोळे उघडे ठेवशीन. मले आल्यावर खरं सांगशीन. दादाले, तुह्या मामाले, लक्ष ठेव म्हणलं तर तो हसते मले.'

मी होय म्हटलं. माझी छाती अभिमानाने फुगली होती, हे कबूल करायला आता लाज वाटते. मला मुळात संशय घ्यायला आवडतं. आजही मी दुधाची पिशवी फोडायच्या आधी दोनदा हुंगते, डॉक्टरने लिहिलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरला दाखवते, आणि पाऊस येणार नाही असं टीव्हीवर सांगितलं की छत्री घेऊन निघते. माझी भाची परवाच कुर्गला जाऊन आली. होमस्टे, उघड्या जीपमधली सफारी, कॉफीची फळं स्वतः तोडायचा कसलासा कार्यक्रम, सगळे फोटो तिने मला मोबाइलवर दाखवले. फोटो पाहून मी विचारलं, जेवण कोण करत होतं? ती म्हणाली, मामी, तुला एवढ्या डोंगरातून जेवणच दिसलं का? दिसलं खरं.

बस कामठीहून सकाळी निघाली. बाबा मागच्या सीटवर भांड्यांच्या पोत्यांना टेकून बसले होते आणि मी त्यांच्यासमोर, म्हणजे मला त्यांचा चेहरा दिसेल अशी. बाबा मला बरोबर घेऊन खूश होते आणि तीच पहिली संशयाची गोष्ट होती. मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी स्टोव्ह पेटला, पातेलं चढलं, की ते पळीभर रस्सा वाटीत घालून माझ्यापुढे धरत. 'पाहा कसा झाला.' घरी त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं, मला लाडीगोडी लावून आपल्या बाजूला वळवायचं चाललं आहे. म्हणून मी न चाखताच तोंड वाकडं करून 'चांगला आहे' म्हणायची आणि पोळ्यांकडे वळायची. बाबा वाटी हातात घेऊन थोडा वेळ तसेच उभे राहायचे.

म्हैसूरच्या पुढे जंगल लागलं. जंगल खात्याची गाडी दोन फेऱ्यांत माणसं आत नेत होती, आणि दुसऱ्या फेरीत जागा उरली म्हणून मामांनी बाबांना आणि मला बसवलं. आमच्या लोकांचं सगळ्या वाटेत एकच चाललं होतं, आपल्याकडेच एवढे वाघ असताना इथे कशाला आलो. चितळ दिसले, गवा दिसला, तरी त्यांचं समाधान होईना. मग एका वळणावर वाटाड्याने गाडी थांबवून तोंडावर बोट ठेवलं आणि हिंदीत म्हणाला, हाथी पास है, बास आ रही है. वास खरंच येत होता. ओल्या गवताचा, शेणाचा आणि आणखी कशाचा तरी उग्र वास बांबूतून गाडीत शिरला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या. बाबांनीही हलवली, पण सगळ्यांच्या नंतर. आधी ते समोर बसलेल्या एका बाईच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते, तिने मान हलवली तेव्हा यांनी हलवली. ती बाई वर्ध्याच्या एका शाळेतली शिक्षिका होती, एकटीच टूरला आलेली. हत्तीण आणि तिचं पिल्लू रस्ता ओलांडून गेली तेव्हा सगळी गाडी तिकडे बघत होती आणि मी बाबांकडे बघत होते. माझ्या आयुष्यात मी रानहत्ती पाहिले ते तेवढेच, आणि मला त्यांच्या फक्त शेपट्या आठवतात.

त्या रात्रीच्या जेवणात पाटवडीचा रस्सा होता. नागपूरच्या माणसाला पाटवडी आवडत नाही असं होत नाही, आणि तरी ताटं अर्धी परत आली. एका निवृत्त हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की खोबरं खवट आहे, टपावरच्या उन्हात पोतं तापलं असणार, आणि आचाऱ्याला ते कळू नये याचं नवल आहे. मी वाटी नाकाशी नेली. खवटपणा लगेच नाकात भरला. बाबांनी मला चाखायला दिली होती तीच ही भाजी. मी भांडी घासत असताना मामा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. तुझ्या बापाचं लक्ष कुठे असतं हल्ली, त्यांनी विचारलं. गेल्याच्या आधीच्या दिवाळीत कढी नासकी निघाली होती म्हणाले, आता हे. कन्हानला एक तरुण आचारी आहे, तो केव्हाही यायला तयार आहे, नात्याचं माणूस म्हणून मी थांबलो आहे, पण आणखी एकदा असं झालं तर परतल्यावर मला बोलावं लागेल. मामा वाईट नव्हते. बस त्यांच्या पोटापाण्याची होती आणि बाबांची नोकरी आमच्या. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला, की एका बाईपायी हा माणूस आमच्या तोंडचा घास घालवतो आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही मळ्यावर पोहोचलो. उतारभर कॉफीची झुडपं पांढऱ्या फुलांनी लगडलेली होती, आणि असा गोड वास सुटला होता की गाडीतून उतरलेल्या बायका फुलं डोक्यात माळता येतील का म्हणून विचारू लागल्या. माणसं डोळे मिटून उभी राहिली. बाबा मात्र उतरल्या उतरल्या स्टोव्हसाठी आडोसा शोधत होते. मी म्हटलं, बाबा, वास किती छान आहे. ते म्हणाले, 'हो, फुलं लय आले यंदा.' मळ्याच्या बंगल्यामागे एक पत्र्याची शेड होती, तिथे आमचं स्वयंपाकघर मांडलं. मी पीठ मळत होते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून उताराखालच्या मजुरांच्या चाळीकडे लक्ष ठेवत होते, कारण बाबा तिकडे तीनदा बघून आले होते.

पहाटे उजाडताना ते उठले. त्यांनी रात्रीच त्या दिवशीच्या संध्याकाळचा मसाला वाटून थोडा रस्सा करून ठेवला होता. तो डब्यात घातला, डब्यावर ताटली झाकली, आणि चपला हातात घेऊन निघाले. मी त्यांच्यामागे गेले. झुडपं माझ्या खांद्याइतकी होती, दंवाने परकर गुडघ्यापर्यंत भिजला. चाळीतल्या शेवटच्या खोलीच्या पायरीवर एक बाई बसली होती, आईच्याच वयाची, काळीसावळी, केसांत तीच पांढरी फुलं. बाबा तिच्या खालच्या पायरीवर बसले. त्यांनी डबा उघडून तिच्या हातात दिला. ती बोटाने रस्सा चाटत होती आणि बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. आमच्या घरी आई ताट वाढायची तेव्हा त्यांनी असं कधी तिच्याकडे पाहिलेलं मला आठवेना. ती काहीतरी म्हणाली, नाक चिमटीत धरून हसली, आणि बाबाही हसले. आईला हे कुठल्या शब्दांत सांगायचं ते मी तिथेच जुळवायला लागले होते, आणि मग मला ते सहन झालं नाही आणि मी झुडपांतून बाहेर आले.

बाबा उठून उभे राहिले. ती बाई मात्र बसूनच राहिली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाबांना मोडक्या हिंदीत विचारलं, बेटी? आणि डबा माझ्यापुढे धरला. 'तुम बोलो,' ती म्हणाली. 'अच्छा है कि खराब?'

मी डब्याला हात लावला नाही. आईला सगळं सांगणार आहे, एवढंच म्हणाले. बाबा खाली बसले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा एवढा बारीक ऐकला.

'मले वास येत नाही, बेटा. गाडीवरून भांडे उतरवतानी पडलो होतो नं, डोक्याले टाके पडले, तवापासून काहीच येत नाही. मीठ समजते, तिखट समजते. बाकी सारं सारखं लागते. तूप काय अन् रॉकेल काय.'

मला ते पडणं आठवत होतं. चार टाके पडले होते, आठवडाभर घरी होते, मग बरे झाले म्हणून आम्ही ते विसरलो होतो. बाबा म्हणाले, पहिले काही दिवस वाटलं सर्दी आहे. मग घरात आईच्या हातचं जेवताना कळलं की आता चूक काढायची सोयच राहिली नाही. कढी नासली त्या वेळी इथे मळ्यावरच होते. निम्मी वाढून झाली होती, तेवढ्यात ही कावेरीअक्का पाणी घेऊन शेडमध्ये आली, पातेल्यावर वाकली आणि तिने उरलेली कढी सरळ जमिनीवर ओतली. तिची भाषा यांना येत नव्हती, यांची तिला येत नव्हती, पण तिने यांच्या नाकाकडे बोट दाखवलं, यांनी मान हलवली आणि तिला कळलं. तेव्हापासून मळ्यावर आलं की हे पुढच्या मुक्कामांसाठी लागणारे मसाले, तूप, खोबरं सगळं तिच्याकडून तपासून घेत. म्हणून दोन रात्री. मी विचारलं, तिला याचं काय मिळतं? तेव्हाही माझा संशय पुरता गेला नव्हता. बाबा म्हणाले, आपला काळा मसाला नेतो डबाभर, तिच्या नवऱ्याला आवडतो. आणि मागच्या खेपेला तिने आईसाठी वेलदोडे आणि मिरी रुमालात बांधून दिली होती. ते दिलं असतं तर कोणी दिलं हे सांगावं लागलं असतं, म्हणून पिशवीतच ठेवलं, ते कुठेतरी हरवलं.

नालीत गेलं, असं मी म्हणाले नाही. मी विचारलं, आईला का नाही सांगितलं?

'ती आपल्या भावाले सांगून टाकन,' बाबा म्हणाले. 'मनात काही राहत नाही तिच्या. अन् वास न येणारा आचारी कोण ठेवन? तूच सांग.'

त्यांनी मला शपथ घातली नाही. डबा तेवढा पुन्हा पुढे केला. या वेळी मी चाखलं. खोबरं नवीन होतं, आदल्या संध्याकाळी बाबांनी कावेरीअक्काच्या घरून आणलेलं, पण लवंग जास्त झाली होती आणि मी तसं सांगितलं. बाबांनी अक्काकडे पाहिलं. तिने मान हलवली. बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी नंतर माझ्या कुठल्याही परीक्षेच्या निकालाला पाहिलं नाही.

उरलेल्या प्रवासात मी पोळ्या लाटत होते आणि बाबांचं नाक झाले होते. दूध, तूप, डाळ, फोडणी, सगळं. मोहरी तडतडली की मी नुसतं 'हं' म्हणायची आणि ते पुढचं टाकायचे. उटीला डाळीचे गोळे घालून गोळाभात केला तेव्हा हेडमास्तरांनी दोनदा मागून घेतला आणि मामांच्या पाठीवर थाप मारली. मामांनी कन्हानच्या आचाऱ्याचं नाव पुन्हा काढलं नाही. मला वाटलं, झालं, आता सगळं ठीक आहे.

घरी आले तेव्हा आई अंगणात पातेली घासायला बसली होती. बाबा बाजारात गेल्याची खात्री करून तिने राख लागलेला हात थांबवला आणि म्हणाली, सांग. मी सगळ्या वाटेत या एका क्षणाची तयारी केली होती. खरं सांगितलं तर रविवारी मामा येणार आणि त्यांच्या पुढ्यात चहा ठेवताना आई रडत सांगून मोकळी होणार, हे मला बाबांइतकंच ठाऊक होतं. मी म्हटलं, कोणी नाही गं आई, मी नीट पाहिलं. म्हणताना पायरीवरची ती बाई माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि आईने ते माझ्या तोंडावर पाहिलं. 'तूही त्याचीच झाली का वं,' एवढं बोलून तिने पुन्हा पातेलं घासायला घेतलं. त्यानंतर तिने मला कधी काही विचारलं नाही. मी प्रत्येक सुट्टीत टूरला जात राहिले, लग्न झाल्यावरही नवऱ्याला समजावून एकदोनदा गेले, आणि प्रत्येक वेळी परतल्यावर आई आम्हा दोघांची पिशवी वेगवेगळी उघडून बघायची. मामांनी बस विकली तोवर हे चाललं.

बाबा गेले त्यानंतर वर्षभराने मी माहेरी गेले होते. दुपारी आम्ही दोघी वाटाणे सोलत बसलो होतो आणि मी तिला सगळं सांगितलं. पडणं, कढी, कावेरीअक्का, रुमाल, लवंग. आता कोणाची नोकरी जाणार नव्हती. ती सोलत राहिली.

'एवढंच होतं?' ती शेवटी म्हणाली. मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, ती बाई दिसायला कशी होती. मी म्हटलं, साधीच होती, तुझ्यासारखी. आईने पुढची शेंग हातात घेतली.

'मले सांगितलं असतं तर म्या पहिल्या दिवशी दादाले सांगितलं असतं,' ती म्हणाली. 'खोटं काहून बोलू. सांगितलंच असतं. अन् दुसऱ्या दिवशी दादाच्या पाया पडून मीच तुह्या बापाच्या बाजूले गाडीत बसली असती चाखाले.' तिने मांडीवरची सालं पदरात गोळा केली. 'मी तर कामठीच्या पुढे कधी गेली नाही.'